भंडारदरा : एकच तलाव, पण दर दोन-तीन महिन्यांनी वेगळा! कुटुंबासोबत नेमकं कधी जायचं आणि काय करायचं?

तुमच्या फीडवर भंडारदऱ्याची दोन रील्स हमखास येऊन गेली असतील. एकात काळोखात अख्खं झाड काजव्यांनी लुकलुकतंय. दुसऱ्यात ढगांत बुडालेला तलाव आणि धरणाखाली छत्रीसारखा पडणारा धबधबा. दोन्ही सेव्ह करून तुम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुलांची परीक्षा संपली की निघता.

तिथे पोहोचल्यावर काजवे नाहीत, धबधबाही नाही. तलावाचं पाणी मागे हटलेलं, काठाला तडकलेला गाळ आणि डोक्यावर ऊन. परतताना गाडीत एकच वाक्य ऐकू येतं, "रीलमध्ये तर वेगळंच दिसत होतं."

रील खोटं नव्हतं, तुमचा महिना चुकला होता.

भंडारदऱ्याला वर्षभर जाता येतं. पण तिथे काय दिसेल हे दोन गोष्टींवर ठरतं : पाऊस आणि धरणातलं पाणी. ही दोन गणितं समजली की सहल फसत नाही.

भंडारदरा आहे कुठे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. विदर्भातल्या अकोल्याशी याचा संबंध नाही, मॅप लावताना अनेकांची इथेच गफलत होते. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा हा भाग. एका बाजूला १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. दुसऱ्या बाजूला रतनगड. मध्ये प्रवरा नदीवरचा तलाव.

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी असं करत शेंडीला पोहोचता येतं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर हा एक मार्ग. नाशिकहून साधारण ७० किलोमीटर. रेल्वेने यायचं तर इगतपुरी स्टेशन सोयीचं. धरणाच्या काठावरचं शेंडी हे मुख्य गाव. हॉटेलं, दुकानं, जेवणाची सोय इथेच जास्त.

तलाव वर्षभर सारखा का नसतो?

कारण हा नैसर्गिक तलाव नाही. हा विल्सन धरणाचा जलाशय आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली धरण पूर्ण झालं. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. दगडी बांधकामाच्या या भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आहे आणि साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी.

हे पाणी पर्यटकांसाठी अडवलेलं नाही. ते प्रवरा खोऱ्यातल्या शेतीचं आणि गावांचं आहे. पावसाळ्यात धरण भरतं, बहुतेक वर्षी ऑगस्टच्या आसपास. मग रब्बी आणि उन्हाळी हंगामात आवर्तनं सुटतात. आवर्तन म्हणजे ठरावीक काळासाठी कालव्यांना सोडलेलं पाणी. प्रत्येक आवर्तनाला इथली पातळी खाली जाते आणि खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडची पिकं उभी राहतात.

म्हणजे मे महिन्यात तलाव रिकामा दिसला तर काही बिघडलेलं नसतं. पाणी ज्यांच्यासाठी साठवलं, त्यांच्याकडे गेलेलं असतं.

मे अखेर ते जून : काजवे

पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की काजवे दिसू लागतात. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा साधारण काळ. वळीव लवकर आला की काजवेही लवकर. मोठा पाऊस सुरू झाला की खेळ संपतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते मोठ्या संख्येने जमतात.

हा प्रकाश म्हणजे नर-मादीमधलं बोलणं आहे. काजव्याच्या पोटातल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्याच्या लयीवरून जोडीदार ओळखला जातो. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्याआधीचा मोठा काळ तो अळीच्या रूपात मातीत, पालापाचोळ्यात काढतो.

आता विचार करा. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाईट थेट झाडांवर पडतात, मोबाईलचे फ्लॅश चमकतात, माणसं रस्ता सोडून पाचोळ्यात शिरतात. उजेडामुळे काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. पायाखाली चिरडल्या जातात त्या अळ्या आणि जमिनीजवळ बसलेल्या माद्या. यंदा जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी झाड चमकणार कसं?

म्हणून :
- शनिवार-रविवार टाळा. सोमवार ते गुरुवार गर्दी कमी असते.
- गाडी लांब लावून दिवे बंद करा. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल कागद लावा आणि तो जमिनीकडे धरा.
- मुलांना आधीच सांगा : काजवा पकडायचा नाही, बाटलीत भरायचा नाही.
- मोबाईलवर काजवे नीट येतही नाहीत. दहा मिनिटं फोन खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभाग प्रवेश शुल्क आणि रात्रीच्या वेळेचे नियम लावतो, ते निघण्याआधी विचारून घ्या.

जुलै ते सप्टेंबर : पाऊस आणि धबधबे

घाटघर हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. या दिवसांत तलावाभोवतीचा रस्ता हीच सहल असते. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. ही फेरी चाळीसेक किलोमीटरची आहे. ज्यांना चढणं-उतरणं जमत नाही अशा आजी-आजोबांसाठी उत्तम. काचेतूनही धबधबे दिसतात. वाटेत भातलावणी चालू असते. शहरातल्या मुलांना ताटातला भात कुठून येतो हे इथे दिसतं. मात्र बांधावरून चालायचं असेल तर शेतकऱ्याला विचारूनच.

अम्ब्रेला फॉल धरणाच्या भिंतीखाली आहे. धरणातून सोडलेलं पाणी गोलाकार खडकावरून पसरून पडतं आणि छत्रीचा आकार होतो. म्हणजे पाणी सोडलेलं असेल तरच छत्री! रंधा धबधब्याचंही तसंच, प्रवरेला पाणी असेल तेव्हाच तो खरा रंधा. तो दरीत कोसळतो, त्यामुळे कठड्यामागूनच पाहायचा.

या काळात सांदण दरी पूर्ण टाळा. ती दोन उभ्या कातळांमधली अरुंद घळ आहे. वर पाऊस झाला की पाण्याचा लोंढा तिच्यातूनच वाहतो आणि बाजूला सरकायला जागाच नसते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्याही निसरड्या होतात. लहान मुलांना घेऊन भर पावसात तिथे जाऊ नका. धबधब्यांबाबत प्रशासन अनेकदा मनाई आदेश काढतं, त्या आठवड्याच्या बातम्या पाहूनच निघा.

ऑक्टोबर ते जानेवारी : कुटुंबासाठी सर्वात सोयीचा काळ

पहिल्यांदाच जाणार असाल तर याच काळात जा. धरण भरलेलं, रस्ते कोरडे, हवा स्वच्छ. सुरुवातीला सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून असतात.

कळसूबाई : बारी गावातून चढ सुरू होतो. सवय नसेल तर वर जायला तीन-चार तास धरा. दहा वर्षांपुढची चालणारी मुलं आरामात जातात. माथ्यावर देवीचं मंदिर आहे आणि नवरात्रात भाविकांची मोठी गर्दी असते.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर : कोरीव काम केलेलं प्राचीन दगडी मंदिर आणि जवळच पुष्करणी. गाडी जवळपर्यंत जाते, म्हणून सगळ्या वयांसाठी. इथूनच रतनगडाची वाट सुरू होते, आणि प्रवरेचा उगमही याच डोंगरातला.

घाटघरचा कोकणकडा : हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वेगळा, हा वेगळा. इथे फारसं चालावं लागत नाही, पण कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नका.

तंबू : तलावाकाठी अनेक गावांत स्थानिक तरुण तंबूची सोय करतात. अमावास्येच्या जवळपासची रात्र निवडा, आकाश ताऱ्यांनी भरलेलं दिसतं. थंडी मात्र चांगलीच असते. स्वेटर आणि कानटोपी हवीच.

फेब्रुवारी ते मे : कोरडा काळ, पण वाया नाही

पाणी उतरू लागतं, दुपारी ऊन तापतं. पण सांदण दरी पाहायची तर हाच हंगाम. साम्रद गावातून स्थानिक वाटाड्या घ्या. आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. मुलं सोबत असतील तर पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन मागे फिरलात तरी दरीचा अंदाज येतो. दिवसाचा कार्यक्रम सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवा, दुपार सावलीत काढा.

तलावात उतरायचं का?

नाही. पोहता येत असेल तरीही नाही.

समुद्रकिनाऱ्यासारखा इथे हळूहळू वाढणारा उतार नसतो. तलावाच्या तळाशी जुनी शेतं, बांध आणि दरी आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. पाणी ओसरलेलं असताना काठच्या गाळात पाय रुततो. बोटीत बसणार असाल तर प्रत्येकाला लाईफ जॅकेट, मुलांना त्यांच्या मापाचं. नसेल तर बोट रद्द. वारा सुटला असेल तरी रद्द. हा नियम मोठ्यांनी आधी पाळला तर मुलं ऐकतात.

सोबत काय ठेवायचं, तिथे काय सोडायचं नाही?

शेंडी सोडल्यावर मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. मॅप आधीच डाउनलोड करा, पेट्रोल आणि रोख रक्कम घोटी किंवा अकोल्यातच घ्या. मुक्कामाच्या ठिकाणाचा पत्ता घरी कळवून ठेवा.

या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भातशेतीनंतरच्या महिन्यांत पर्यटनाचा पैसा अनेक घरांना आधार देतो. म्हणून जेवण गावातच सांगा. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आधी फोन केला तर ताजं मिळतं. रात्री मोठ्याने गाणी लावू नका, तुमची सहल असली तरी त्यांचं उद्या पहाटे काम असतं. आणि प्लास्टिक परत न्या, कारण गावात ते उचलून नेणारी घंटागाडी येईलच असं नाही.

निघण्याआधी एक मिनिट

धरणांतल्या पाणीसाठ्याची टक्केवारी पावसाळ्यात स्थानिक बातम्यांत जवळपास रोज येते, एरवीही जलसंपदा विभागाकडून कळते. रील पाहून तारीख ठरवण्याआधी तो आकडा पाहा. साठा भरपूर असेल तर तलाव आणि तंबू. कमी असेल तर सांदण आणि मंदिर. जून तोंडावर असेल तर काजवे, पण दिवे बंद करून.

आणि मुलांनी विचारलं की "पाणी कुठे गेलं?", तर त्यांना खालच्या शेतांबद्दल सांगा.