बेवारस सोनं

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला येणारे बहुतेक जण शिल्पं पाहतात, फोटो काढतात आणि वडापाव खाऊन लोकल पकडतात. तिथल्या शिलालेखातलं शके 982, म्हणजे इ.स. 1060, कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. हे मंदिर शिलाहारांचं. त्याच घराण्यात बाराव्या शतकात अपरादित्य राजा झाला आणि त्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'अपरार्क' ही जाडजूड टीका आहे. म्हणजे मेलेल्या माणसाचं धन कुणाचं, यावर आपल्या कोकणच्या राजाने लिहून ठेवलंय. मला तरी हे भारी वाटतं!

विषय काढायचं कारण घरातल्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. आमची आत्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायची. ती गेल्यावर कपाटात एक पुरचुंडी निघाली. दोन बांगड्या, कानातलं आणि एक चांदीची डबी. हे शेजारच्या सिंधी अम्मांचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. "आदिपूरहून भाऊ येईल, त्याला दे," एवढं सांगून अम्मा गेल्या. भाऊ काही आला नाही. आत्याने जवळजवळ तीस वर्षं ते सांभाळलं. बदलापूरचा दादा म्हणतो, इतकी वर्षं आईने जपलं, आता ते आपलंच. ताई म्हणते, झुलेलालच्या मंदिरात देऊन मोकळे व्हा.

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं, राजाने घ्यायचं. पण तेही तितकं सरळ नव्हतं. मनुस्मृती सांगते की मालक ठाऊक नसलेलं धन राजाने तीन वर्षं ठेवावं, तोवर मालक आला तर त्याला द्यावं. याज्ञवल्क्याने तर पुत्र नसलेल्याच्या वारसांची रांगच लावली आहे. आधी पत्नी, मग मुली, आईवडील, भाऊ, पुतणे, आणि पार शेवटी शिष्य आणि सहाध्यायी. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा व्यापारी जहाज बुडून मरतो. अमात्य लिहितो, निपुत्रिक होता, धन राजाचं. दुष्यंत आधी विचारतो, त्याची एखादी बायको गरोदर आहे का बघा! एक असते, आणि धन त्या न जन्मलेल्या बाळाचं ठरतं.

प्रत्यक्षात मात्र बायका रडत राहायच्या आणि खजिना भरायचा. गुजरातेत अशा धनाला 'रुदतीवित्त' म्हणत, रडणारीचा पैसा. चौलुक्य राजा कुमारपालाने बाराव्या शतकात ते घेणं बंद केलं अशी त्याची कीर्ती आहे. (हाच तो कुमारपाल, ज्याच्या सैन्याने आपल्या शिलाहार मल्लिकार्जुनाला हरवलं. माणसं एका बाजूने चांगली असतात, असो.)

इंग्रजांनी 1827 मध्ये मुंबई इलाख्यासाठी आठवं रेग्युलेशन केलं. आपण कोर्टातून वारस दाखला काढतो तो अजून त्याच्याच आधारे. आणि 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आमच्या पुरचुंडीपाशी येऊन अडतो. अम्मांसारख्या बाईचं धन आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, पण ते आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर माहेरकडे. म्हणजे बांगड्या कुणाच्या होत्या ते कळल्याशिवाय भाऊ सापडूनही उपयोग नाही. मागे कुणीच नसेल तर सरकार.

आता हे कळणार कसं? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधहून आलेली माणसं ठेवली गेली. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. 1950 मध्ये क्लेमचा कायदा आला, पण तो घर, जमीन अशा स्थावर मालमत्तेपुरता. हवेली सोडून आलेल्याला निदान अर्ज भरता आला. अंगावर किंवा कनवटीला जे सोनं आलं त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून बायकांच्या त्या सोन्याचा इतिहास शेजारणीच्या तोंडीच राहिला, आणि शेजारणीही आता गेल्या.

दादा, राग मानू नकोस, पण ठेवायला दिलेली वस्तू कितीही वर्षं जपली तरी आपली होत नाही. आणि ताई, देवाला द्यायलाही ती आधी आपली असावी लागते. मी सोनाराकडून वजन करून यादी केली आहे, दोघांच्या सह्या हव्यात. सिंधी समाजात मूळ गावाप्रमाणे पंचायती आहेत, तिथे विचारणार आहे. वर्षभरात कुणी सापडलं नाही तर मुंबईच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे अर्ज. 1963 च्या कायद्यातलं हे पद अशाच मालमत्तांसाठी आहे.

तोवर एक काम करा. आत्याची जुनी पत्रं ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यात आदिपूरचा पत्ता आहे का बघा. आणि अम्मांचं गाव शिकारपूर की सक्कर, हे कुणाला आठवतंय का? माझ्या आईला शिकारपूर वाटतं, पण तिला डबीवर कोरलेलं अक्षर वाचता येत नाही. मलाही नाही. सिंधी लिपी येणारं कुणी असेल तर कळवा.