वेग १० टक्के वाढला, आयुष्य निम्मे झाले

१/ लष्कराचे दारूगोळा भांडार आणि जुनी कापड गिरणी, ही वर्धा जिल्ह्यातील पुलगावची ओळख. तोफगोळ्याचे कवच लेथवर घडते, कापड मागावर. दोन्हीकडे एक प्रश्न समान असतो : यंत्राकडून किती वेगाने काम घ्यावे? या प्रश्नाचा इतिहास लेथपासून सुरू होतो.

२/ फ्रेडरिक टेलर हा फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात फोरमन होता. कामगार मुद्दाम संथ काम करतात, असा त्याचा आरोप होता. परंतु योग्य वेग कोणता, हे त्यालाही ठाऊक नव्हते. म्हणून १८८० च्या सुमारास त्याने प्रयोग आरंभले. ते २६ वर्षे चालले. त्यांत सुमारे ८ लाख पौंड धातूचा कीस झाला.

३/ डिसेंबर १९०६ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. हायस्पीड पोलादाच्या हत्याराचे आयुष्य वेगाच्या साधारण आठव्या घाताच्या प्रमाणात घटते. वेग केवळ १० टक्के वाढवला, की ९० मिनिटे टिकणारे हत्यार ४२ मिनिटांत बोथट होते.

४/ हत्यार बदलताना लेथ थांबतो. म्हणजे फार संथ चालवले तर वेळ जातो आणि फार वेगाने चालवले तरीही जातो. बदलण्यास १० मिनिटे लागत असतील, तर या सूत्रानुसार हत्यार ७० मिनिटे टिकेल असा वेग सर्वाधिक उत्पादन देतो. हत्याराची किंमत आणि धार लावण्याचा खर्च धरला, तर वेग आणखी कमी ठेवावा लागतो.

५/ तोवर हा निर्णय कारागीर किसाचा रंग पाहून, कापण्याचा आवाज ऐकून घेत असे. आता टेलरचा सहकारी कार्ल बार्थ याच्या स्लाइड रूलवर तो कचेरीत होऊ लागला.

६/ पुढे हाच हिशेब माणसाला लावला गेला. ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेच्या वॉटरटाउन शस्त्रागारात स्टॉपवॉच लावून काम मोजले जाऊ लागताच साचेकारांनी संप केला. १९१५ मध्ये अमेरिकी संसदेने लष्करी शस्त्रागारांत अशा मोजणीवर खर्च करण्यास मनाई केली.

७/ मुंबईत १९२८ मध्ये ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली काही गिरण्यांनी विणकरांना दोनऐवजी तीन माग सांभाळण्यास सांगितले. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. या योजना त्याचे एक प्रमुख कारण होत्या.

८/ टेलरच्या सूत्रात हत्याराच्या झिजेला स्थान होते, कारण हत्याराची किंमत मालकाला मोजावी लागे. माणसाच्या झिजेची किंमत माणूसच मोजत होता. ती हिशेबात घ्यावी, यासाठी त्याला काम थांबवावे लागले.