बारा उपाशी माणसं आणि एक निकाल

'कॉमन लॉ' म्हटलं की मला १६७० सालच्या लंडनमधली बारा उपाशी माणसं आठवतात.

झालं असं, की विल्यम पेन आणि विल्यम मीड हे क्वेकर पंथाचे. प्रार्थनागृहाला टाळं लागलं, म्हणून पेननं ग्रेसचर्च स्ट्रीटवर रस्त्यातच प्रवचन दिलं. बेकायदा जमाव जमवला म्हणून ओल्ड बेलीत खटला चालला. न्यायाधीशांना 'दोषी' हवं होतं. ज्युरीतले बारा सामान्य नागरिक ऐकेनात. मग त्यांना अन्नपाण्याविना कोंडलं. तरी शेवटचं उत्तर एकच: निर्दोष! प्रत्येकाला ४० मार्क दंड. भरेपर्यंत न्यूगेट तुरुंग.

एडवर्ड बुशेल या ज्युररनं दंड भरलाच नाही. त्यानं हेबियस कॉर्पस मागितलं, म्हणजे 'कैद्याला कोर्टापुढे आणा, का डांबलंय ते सांगा' असा हुकूम. मुख्य न्यायाधीश जॉन वॉन यांनी त्याला सोडलं. पुरावा पटला की नाही हे ज्युरी ठरवणार, त्यासाठी शिक्षा करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता गंमत बघा. हा नियम पार्लमेंटनं केलेला नव्हता. एका निवाड्यातलं कारण पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरलं गेलं. कॉमन लॉ असाच, निवाड्यावर निवाडा रचत वाढला.

आणि हेबियस कॉर्पस? ते आपल्या राज्यघटनेत आहे, कलम ३२ आणि २२६. उद्या कुणाला बेकायदा डांबून ठेवलं, तर घरचे याच अर्जानं हायकोर्टात जाऊ शकतात. एवढं मात्र लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!