आपत्ती आणि रुग्णालयांची सक्षमता : महाराष्ट्रातील अनुभवांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रुग्णालयाचा आकार सांगताना सामान्यतः खाटांची संख्या दिली जाते. परंतु साथ, भूकंप अथवा आग अशा प्रसंगी त्यांपैकी किती खाटांवर प्रत्यक्ष उपचार चालू राहतील आणि खंडित सेवा किती काळात पूर्ववत होईल, हे त्या संख्येवरून कळत नाही. ही क्षमता मोजण्याचा विचार कसा विकसित झाला व त्यात कोणती उणीव राहिली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

साथ आणि मनुष्यबळ

१८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग लवकरच पुण्यात पोहोचला. असलेली रुग्णालये अपुरी पडल्याने तात्पुरती रुग्णालये उभारावी लागली. डॉ. यशवंतराव फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णसेवा सुरू केली. तेथे शुश्रूषा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. निवारा थोड्या दिवसांत उभा करता येतो; सेवा करणारी माणसे मात्र तितक्या सहज मिळत नाहीत व तीच प्रथम धोक्यात येतात, हे या घटनेतून स्पष्ट होते. २०२० मध्ये पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर सुमारे ८०० खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय उभारले गेले, तेव्हाही हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

भूकंप आणि अंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार लोक मृत्युमुखी पडले. दगडमातीची घरे कोसळून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो लोक जखमी झाले. अनेकांना सोलापूर व लातूर येथील रुग्णालयांत न्यावे लागले. म्हणजेच आपत्तिग्रस्त गावाची खरी वैद्यकीय क्षमता दूरच्या शहरातील रुग्णालयावर आणि तेथे पोहोचण्याच्या वेळेवर अवलंबून होती.

मापनपद्धतीचा उदय

१९८५ च्या मेक्सिको भूकंपात हुआरेझ रुग्णालय कोसळले. अशा अनुभवांतून अमेरिका खंडातील आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ‘रुग्णालय सुरक्षा निर्देशांक’ तयार केला. त्यात प्रत्येक बाबीला कमी, मध्यम वा उच्च अशी श्रेणी देऊन ० ते १ यांमधील अंक काढला जातो. ०.६६ व त्याहून अधिक अंक मिळवणारे रुग्णालय आपत्तीतही चालू राहण्याची शक्यता असते, ०.३५ पर्यंतच्या रुग्णालयात तातडीने उपाय आवश्यक ठरतात. पहिल्या आवृत्तीत इमारतीच्या सांगाड्याला ५०, वीज, पाणी, वायू इत्यादी यंत्रणांना ३० आणि कार्यपद्धतीला २० टक्के भार होता. २००१ च्या भूकंपात भूज येथील जिल्हा रुग्णालय कोसळले होते, हे लक्षात घेता सांगाड्याला दिलेले प्राधान्य सयुक्तिक वाटते. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

२०२१ चा अनुभव

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन दाब घटला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी इमारती उभ्याच होत्या. भूकंपाच्या अनुभवातून ठरलेला भार सर्व आपत्तींना सारखाच लागू पडत नाही, हे यावरून दिसते.

ग्रामीण संदर्भ : खुटबाव

दौंड तालुक्यातील खुटबाव हे पुणे–दौंड लोहमार्गावर यवत व केडगाव यांच्या दरम्यानचे गाव. अशा गावातील गंभीर रुग्णाचा प्रवास यवत, दौंड अथवा पुण्याकडे होतो. पुण्यातील रुग्णालयाचा निर्देशांक उत्तम असला, तरी रस्ता बंद पडल्यास खुटबावच्या रुग्णासाठी त्याचा उपयोग नाही. त्यामुळे मापनाचा आरंभ रुग्णालयाच्या दारापासून न करता रुग्णाच्या गावापासून करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

इमारतीची मजबुती, यंत्रणांची पर्यायी व्यवस्था, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता आणि परस्पर साहाय्य करणाऱ्या रुग्णालयांचे जाळे हे चारही घटक एकत्र मोजले पाहिजेत. वीज गेल्यावर जनित्र किती वेळात सुरू होते, राखीव प्राणवायू किती तास पुरतो, रुग्ण दुसरीकडे किती वेळात पोहोचतो, यांची नोंद नियमित सरावातून घेता येते. रुग्णालयाची सक्षमता ही खाटांच्या संख्येपेक्षा अशा वेळेच्या हिशेबातून अधिक अचूक कळते. वरील सर्व घटनांचा हाच बोध आहे.