जालन्याचे जलाशय आणि ‘पाणथळ’ या शब्दाची व्याप्ती

‘जालना’ या नावात ‘जल’ शब्दाचा भास होतो. परंतु स्थानिक परंपरा ते नाव एका धनाढ्य विणकराशी, म्हणजे ‘जुलाहा’ या शब्दाशी जोडते. ही परंपरा व्युत्पत्तीच्या कसोटीस कितपत उतरते, हा प्रश्न निराळा. मात्र या भागातील पाण्याचा इतिहास नावांपेक्षा बांधकामांत शोधणे अधिक सयुक्तिक होय. कुंडलिकेकाठच्या या नगराचा मोती तलाव जमशेदखानाने बांधल्याचे जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. पुढे निजामी राजवटीत घाणेवाडीचा जलाशय उभा राहिला आणि त्याचे पाणी नव्या जालन्यास मिळू लागले. येथील पाणथळ जागा मुख्यत्वे मनुष्यनिर्मित आहेत, हे या इतिहासाचे पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य हवामानविषयक आहे. सदैव ओल्या प्रदेशांत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचतात; त्यांना ‘पीट’ म्हणतात. पृथ्वीवरील भूभागाचा सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या अशा दलदलींत मृदेतील एकूण कार्बनाचा सुमारे तृतीयांश साठलेला आहे; त्या कोरड्या पडल्या की तो वायुरूपाने बाहेर पडतो. दीर्घ उन्हाळा सोसणाऱ्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर असे थर साचत नाहीत. सबब, कार्बनाचा युक्तिवाद जालन्यास जसाच्या तसा लागू करता येणार नाही. येथील पाणथळ जागांचे मोल लहरी पाऊस सोसण्याचे बळ देण्यात आणि उपजीविका टिकविण्यात आहे.

हे मोल लोकभाषेने अचूक टिपले आहे. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीतील पेरणीला ‘गाळपेर’ म्हणतात. पाण्याचे येणे, गाळाचे बसणे, पाण्याचे हटणे आणि पिकाचे उगवणे हा सारा क्रम या एका सामासिक शब्दात सामावला आहे. प्रशासनाचा आवडता शब्द मात्र ‘साठा’ हा होय. ज्याच्या डाव्या कालव्याचे पाणी जालना जिल्ह्यास मिळते, त्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली व उद्घाटन १९७६ साली झाले. त्याची ख्याती सुमारे १०२ अब्ज घनफुटांच्या साठ्यामुळे आहे. परंतु १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य घोषित होण्यास कारण झाले ते त्याचे उथळ, विस्तीर्ण काठ. त्याच परिसरात मासेमारी आणि गाळपेर चालते.

या दोन दृष्टींतील अंतर कायद्याच्या व्याख्येतही उमटले आहे. १९७१ च्या रामसर करारातील व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही पाणथळ जागा येतात. भारताच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. व्याख्येतील एका अपवादाने मराठवाड्यातील बहुसंख्य तळी संरक्षणाच्या कक्षेबाहेर गेली. वस्तुतः महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरील सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले आहे. मनुष्याने बांधलेल्या जलाशयाला कालांतराने पाणथळीचे स्वरूप येते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

हा वाद केवळ शब्दांचा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. घाणेवाडीतील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी पुढाकार घेतला. २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. साचलेला गाळ काढल्याने साठा वाढतो आणि शेताचा कस सुधारतो, हे निर्विवाद आहे. परंतु केवळ साठ्याच्या हिशेबाने उथळ काठही खोल खणले गेले, तर माशांच्या अंडी घालण्याच्या जागा, पक्ष्यांचे खाद्य आणि गाळपेरीची जमीन यांचा एकदमच लोप होईल. तळ्यांची नोंद करताना साठ्याच्या आकड्याबरोबर काठाचा विस्तार व त्यावर जगणाऱ्यांचे व्यवसायही नोंदवले गेले पाहिजेत. जे नोंदले जात नाही, त्याचे रक्षण करणे नियमांना शक्य होत नाही.