ठिपके मोजणारी चित्रकार: हावर्डीना पिंडेल आणि ‘टर्निंग पॉइंट’चा मोह

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक शब्द हमखास येतो: ‘टर्निंग पॉइंट’. विषय एखादा कलाकार असो, पुढारी असो नाहीतर चळवळ. आपण एक साल पकडतो, त्याच्या अलीकडे एक प्रकरण आणि पलीकडे दुसरं. विभागणी झाली, गाईडने मान डोलावली, काम पुढे सरकलं. सोय आहे, नाकारून चालणार नाही. पण ही सोय कधीकधी विषयालाच दोन तुकड्यांत कापून टाकते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एका कलाकाराच्या कारकिर्दीवरून बघू या. हावर्डीना पिंडेल या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकार. जन्म १९४३, फिलाडेल्फिया. रंग, कागद, कापड, शिवण, पोस्टकार्ड, व्हिडिओ अशा मिश्र माध्यमांत त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं काम केलं. आणि त्यांच्याबद्दल एक ‘टर्निंग पॉइंट’ तयारच आहे: १९७९.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट

ही गोष्ट साधारण अशी सांगतात. १९७० च्या दशकात पिंडेल अमूर्त चित्रं काढत होत्या. ठिपके, चौकटी, रंगांचे थर. त्यात राजकारण काही नव्हतं. १९७९ मध्ये एका मोटार अपघातात त्यांच्या डोक्याला मार लागला, काही स्मृती गेली. त्यानंतर त्या आत्मचरित्राकडे, वंशवादाकडे, स्त्रियांच्या प्रश्नाकडे वळल्या. म्हणजे अपघाताच्या आधी ‘रूप’, नंतर ‘आशय’.

यातल्या घटना खऱ्या आहेत. अपघात झाला, स्मृतीला धक्का बसला, कामाचं स्वरूप बदललं. प्रश्न फक्त एवढाच की ‘आधी राजकारण नव्हतं’ हे आपण कशावरून म्हणतो? चित्रात माणसाचा चेहरा नाही, एवढ्यावरून?

पंचिंग मशीनच्या टिकल्या

१९६७ मध्ये येल विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन पिंडेल न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमामध्ये, नोकरीला लागल्या. सुरुवात खालच्या पदावरून झाली. पुढे मुद्राचित्रं आणि सचित्र पुस्तकांच्या विभागात त्या असोसिएट क्युरेटर झाल्या. १९७९ पर्यंत, म्हणजे १२ वर्षं, त्या तिथे होत्या. दिवसभर कचेरी, आणि चित्रं रात्री, दिव्याच्या उजेडात.

कचेरीतल्या माणसाच्या हाताशी काय असतं? फायली, जाड कागद आणि पंचिंग मशीन. पिंडेल जाड कागदाला शेकडो भोकं पाडायच्या आणि तो कागद कॅनव्हासवर धरून त्यातून रंग फवारायच्या. थरावर थर चढत जायचे. मशीनमधून खाली पडणाऱ्या गोल टिकल्या त्यांनी फेकून दिल्या नाहीत. पुढे त्या टिकल्याच चित्रावर चिकटवायला सुरुवात केली. काही टिकल्यांवर त्यांनी बारीक पेनाने आकडे लिहिले, एकेका टिकलीवर एकेक. हे आकडे कशाचीच बेरीज सांगत नाहीत, क्रमानेही लागत नाहीत. वडिलांची एक सवय त्या सांगतात: गणिताची पार्श्वभूमी असलेले वडील प्रवासात गाडीच्या मीटरवरचे आकडे वहीत उतरवून ठेवायचे.

पुढे कॅनव्हासची चौकटही गेली. कापडाच्या पट्ट्या शिवून जोडायच्या, त्यावर रंग, टिकल्या, चमकी, टाल्कम पावडर, आणि ते कापड ताणून न बसवता सरळ भिंतीला ठोकायचं. ज्या काळात अमूर्त चित्रकला म्हणजे मोठ्या पुरुष चित्रकारांचा कोरा, कडक कॅनव्हास असं समीकरण होतं, त्या काळात हे शिवणकाम, ही चमकी आणि ही पावडर. याला ‘फक्त रूप’ म्हणायचं का?

आणि हे काम दाखवायचं कुठे, हा वेगळाच पेच. हार्लेममधल्या स्टुडिओ म्युझियममध्ये त्या चित्रं घेऊन गेल्या, तेव्हा ‘गोऱ्या पोरांबरोबर जाऊन दाखव’ अशा आशयाचं उत्तर मिळालं, असं त्यांनी सांगितलं आहे. कृष्णवर्णीय कलाकाराने कृष्णवर्णीयांचं जगणं ओळखू येईल असंच दाखवावं, ही त्या काळातली अपेक्षा. म्हणजे गोऱ्यांच्या कलाविश्वात त्या कृष्णवर्णीय म्हणून बाहेर, आणि कृष्णवर्णीयांच्या कलाविश्वात अमूर्त म्हणून बाहेर.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ए.आय.आर. गॅलरी सुरू झाली. २० स्त्री कलाकारांनी मिळून चालवलेली ही गॅलरी अमेरिकेतल्या स्त्रीवादी कलाचळवळीतलं महत्त्वाचं पाऊल मानली जाते. संस्थापकांमध्ये पिंडेल होत्या, आणि त्या वीसजणींत कृष्णवर्णीय त्या एकट्या. म्हणजे लिंगभाव आणि वंश हे दोन्ही प्रश्न अपघाताच्या ७ वर्षं आधी त्यांच्या रोजच्या व्यवहारात होते. याच दशकात वंशद्वेषी हिंसेवरच्या एका कामाचा प्रस्ताव त्यांनी या गॅलरीपुढे ठेवला होता आणि तो नाकारला गेला, असंही त्या सांगतात. हा प्रस्ताव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९७९ मध्ये नेमकं काय काय झालं

एखादं साल ‘टर्निंग पॉइंट’ म्हणून निवडलं, तर त्या सालात झालेल्या सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडून बघाव्यात. पिंडेल यांच्याबाबतीत किमान तीन गोष्टी निघतात.

पहिली, निषेधाची. न्यूयॉर्कच्या आर्टिस्ट्स स्पेस या संस्थेत एका गोऱ्या कलाकाराचं कोळशाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्याच्या नावात कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी शिवी होती. कलाकार आणि समीक्षकांनी जाहीर निषेध केला, त्यात पिंडेल पुढे होत्या. उलट निषेध करणाऱ्यांवरच ‘तुम्ही सेन्सॉरशिप करताय’ असा आरोप झाला. दुसरी, नोकरीची. त्यांनी मोमा सोडलं आणि न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक इथे शिकवायला लागल्या. तिसरी, अपघाताची.

आता बघा, रूढ गोष्टीत फक्त तिसरी उरते. का? कारण अपघात ही व्यक्तीची कहाणी आहे. ती सांगायला सोपी, ऐकायला हृद्य, आणि तिच्यात कुठल्या संस्थेला उत्तर द्यावं लागत नाही. पहिल्या गोष्टीत मात्र संस्था आहेत, माणसं आहेत, आणि कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं हा अडचणीचा प्रश्न आहे. आपण निवडलेल्या ‘टर्निंग पॉइंट’मुळे कोणाची सुटका होते, हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी.

बारा मिनिटांचा व्हिडिओ

१९८० मध्ये पिंडेल यांनी ‘फ्री, व्हाइट अँड २१’ हा साधारण १२ मिनिटांचा व्हिडिओ केला. हे शब्द म्हणजे ‘मी मुक्त, गोरी आणि सज्ञान, मला कोण अडवणार’ अशा ठेक्यात अमेरिकेत रुळलेला वाक्प्रचार. व्हिडिओत पिंडेल कॅमेऱ्यासमोर बसून एकेक अनुभव सपाट आवाजात सांगतात. आईला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईने तिचा काळा रंग हा मळ समजून तिला कॉस्टिकने घासलं, त्याचे डाग आईच्या हातावर राहिले. बालवर्गात बाईंनी स्वतः पिंडेल यांना खाटेला बांधून ठेवलं होतं. नोकरी शोधताना, समारंभात, असे प्रसंग येत राहतात.

मधेमधे एक गोरी बाई दिसते आणि म्हणते की तू भ्रमात आहेस, कृतघ्न आहेस, तुझी प्रतीकं आम्ही मान्य केल्याशिवाय खरी नाहीत. ही गोरी बाईही पिंडेलच आहेत: सोनेरी केसांचा टोप, चेहऱ्यावर पांढरा मेकअप, काळा चष्मा.

हा रोख फक्त समाजातल्या वंशवादावर नाही, तो स्त्रीवादी चळवळीच्या आतल्या गोरेपणावरही आहे. आणि हा व्हिडिओ दाखवला गेला तो ए.आय.आर. गॅलरीतच, ‘डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन’ या १९८० च्या प्रदर्शनात. ते प्रदर्शन क्युबात जन्मलेल्या अॅना मेंडिएटा यांनी काझुको मियामोतो आणि झरीना यांच्यासोबत उभं केलं होतं. झरीना म्हणजे अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी. भारतीय कलेच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी हा धागा जरूर पकडावा.

अपघाताचा परिणाम मात्र खोटा नाही. गेलेली स्मृती जुळवायला पिंडेल यांनी प्रवासात जमवलेली पोस्टकार्डं काढली, त्यांच्या पट्ट्या कापल्या, दोन पट्ट्यांत जागा सोडली आणि ती जागा रंगाने भरली. यातून ‘ऑटोबायोग्राफी’ ही मालिका झाली. तिच्यात भारत प्रवासातून आलेलं शिव-गंगेचं १९८५ चं एक कामही आहे. याच मालिकेतल्या १९८८ च्या जवळजवळ ३ मीटर रुंद कामात त्यांनी स्वतः कॅनव्हासवर झोपून शरीराची बाह्यरेषा काढली, ती कापली आणि पुन्हा शिवून बसवली. भोवती पाणी, आणि पाण्यात गुलामांना नेणारं जहाज. कापणं, शिवणं, जोडणं ही रीत मात्र १९७० च्या दशकातलीच आहे.

आकड्यांना अर्थ आला

१९८७ मध्ये पिंडेल यांनी जे केलं, ते आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी आणि गॅलऱ्यांनी सात वर्षांत कोणाची कामं दाखवली, कोणते कलाकार आपल्या यादीत ठेवले, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष नुसते मांडून ठेवले: संस्थेचं नाव आणि तिच्यासमोर गोऱ्या कलाकारांची टक्केवारी. कितीतरी गॅलऱ्यांसमोर आकडा होता १००. पुढे १९९७ पर्यंतचे आकडे घेऊन त्यांनी ही पाहणी अद्ययावतही केली.

यात पद्धतीची गोम आहे. वगळलं जाण्याचा कागद नसतो. ‘अमुक कलाकाराला ती कृष्णवर्णीय म्हणून नाकारलं’ असं कुठल्याही फायलीत लिहिलेलं नसतं. एकट्याने तक्रार केली तर उत्तर तयार असतं: तुझं काम कमी पडलं असेल. व्हिडिओतली गोरी बाई हेच तर म्हणते. मग पुरावा आणायचा कुठून? पिंडेल यांनी तो संस्थांनी स्वतःच छापलेल्या प्रदर्शनांच्या आणि कलाकारांच्या याद्यांतून उभा केला. १२ वर्षं मोमाच्या आत काढलेल्या माणसाला याद्या कशा बनतात हे ठाऊक असणारच.

अर्थात, हा अहवालही प्रश्न विचारतच वाचायचा. कलाकाराचा वंश कोणी ठरवला? एकदा दाखवलेला आणि दहा वेळा दाखवलेला कलाकार सारखाच मोजला का? हे प्रश्न विचारल्याने पिंडेल यांचं काम लहान होत नाही.

टिकल्यांवर आकडे लिहिणारा हात आणि गॅलऱ्यांसमोर आकडे लिहिणारा हात एकच आहे. १९७९ ची भिंत घातली की हे दिसत नाही, कारण टिकल्या पहिल्या प्रकरणात जातात आणि अहवाल दुसऱ्या.

लाल वर्तुळ आणि स्मृतीचा पुरावा

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. बऱ्याच वर्षांनी मुलाखतींतून पिंडेल यांनी लहानपणची एक आठवण सांगितली. १९५० च्या दशकात वडिलांबरोबर गाडीने जाताना केंटकी राज्याच्या उत्तर भागात ते रूट बिअर प्यायला थांबले. मगच्या तळाला बाहेरून लाल वर्तुळ होतं. विचारल्यावर कळलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांची भांडी वेगळी ओळखू यावीत म्हणून ती खूण होती. वर्तुळ हा आकार आपल्याला तिथून चिकटला, असं त्या म्हणतात.

मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. हॉटेलातली दलितांसाठीची वेगळी कपबशी आपल्या आत्मकथनांनी आपल्याला दाखवली आहे. पण म्हणूनच इथे जपून. ओळखीचं दिसलं की आपण लगेच जात आणि वंश एकाच पारड्यात टाकतो. दोन्हींकडे भांडं वेगळं आहे, पण त्यामागचे कायदे, धर्म आणि इतिहास वेगळे आहेत. साम्याने प्रश्न सुचू द्यावा. उत्तर मात्र त्या त्या ठिकाणच्या कागदपत्रांतून यायला हवं.

दुसरी काळजी काळाची. आठवण १९५० च्या दशकातली, चित्रं १९७० च्या दशकातली, आणि सांगणं त्याच्याही कितीतरी नंतरचं. मग ‘लाल वर्तुळामुळे ठिपके आले’ असं थेट लिहायचं का? माझ्या मते नाही. आणि ‘ही आठवण नंतर जोडलेली आहे’ म्हणून ती बाजूलाही टाकायची नाही. ‘पिंडेल यांनी पुढे आपल्या वर्तुळांचा अर्थ असा लावला’ हे आपण खात्रीने लिहू शकतो. आणि तो अर्थ सांगायला, ऐकून घेतला जायला इतका काळ का लागला, हा खरा संशोधनाचा प्रश्न होतो.

मग प्रकरणं पाडायची कशी?

२०१८ मध्ये शिकागोच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये पिंडेल यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या द शेड या केंद्रात ‘रोप/फायर/वॉटर’ हा नवा व्हिडिओ दाखवला गेला. काळ्या पडद्यावर मजकूर आणि छायाचित्रं, मेट्रोनोमची टकटक, आणि जमावाने घेतलेल्या बळींचे आकडे सांगणारा पिंडेल यांचा आवाज. १९७० च्या दशकात नाकारला गेलेला प्रस्ताव तो हाच.

म्हणजे ज्याला आपण ‘नंतरचा, राजकीय टप्पा’ म्हणतो, त्यातलं एक महत्त्वाचं काम ‘आधीच्या, अमूर्त टप्प्यात’ सुचलेलं होतं. ते झालं नाही, म्हणून कामांच्या यादीत दिसलं नाही. आणि यादीत दिसलं नाही, म्हणून तो टप्पा अराजकीय ठरला. दोष कलाकाराच्या मौनाचा नव्हता, ऐकणाऱ्यांच्या दाराचा होता.

तुमच्या आराखड्यात एखादं ठळक साल असेल, तर खोडू नका. फक्त तीन रकान्यांचा एक कागद शेजारी ठेवा: त्या सालाच्या आधीपासून काय चालत आलं, त्या सालात आणखी काय काय घडलं, आणि त्याआधी काय करायचं होतं पण करू दिलं गेलं नाही. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. त्यासाठी पत्रव्यवहार, मुलाखती, नाकारलेले अर्ज आणि सभांची इतिवृत्तं चाळावी लागतील, आणि बऱ्याचदा हाती काही लागणार नाही. तरी तो रकाना कागदावर असू द्या.