ली-एनफील्ड रायफल : जीर्णोद्धार, रूपांतर आणि ऐतिहासिक साक्ष

प्रस्तावना

युद्धासाठी तयार झालेले शस्त्र युद्धाबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नाकडे लष्करी इतिहासाच्या अभ्यासात फारसे लक्ष दिले जात नाही. ली-एनफील्ड ही .303 इंच व्यासाची रायफल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. 1895 मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल झालेल्या या रायफलीची आखूड आवृत्ती 1903 पासून आली आणि दोन्ही महायुद्धांत ती वापरली गेली. पुढे तिच्यातील असंख्य नग नेमबाजांच्या हाती पडले. काहींनी त्यांना मूळ रूप दिले, तर काहींनी स्पर्धेसाठी त्यांत बदल केले. या दोन प्रक्रियांत ऐतिहासिक साक्ष कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेमबाजीची परंपरा

लष्करी रायफल आणि स्पर्धा यांचा संबंध जुना आहे. 1859 मध्ये ब्रिटनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली, ती स्वयंसेवक सैनिकांच्या नेमबाजीस उत्तेजन मिळावे म्हणून. 1860 मध्ये विंबल्डन येथील पहिल्या स्पर्धेचा प्रारंभ राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून केला. 1890 मध्ये या स्पर्धा बिस्ले येथे हलविण्यात आल्या. ज्या शस्त्राने सैनिक लढतो त्याच शस्त्राने नागरिकाने नेम साधावा, ही यामागील धारणा होती. त्यामुळे लष्करी रायफलीत किती बदल मान्य करावा, हा वाद या क्रीडेच्या मुळाशीच राहिला.

रूपांतराचे तंत्र

अचूकतेसाठी केले जाणारे बदल वरकरणी किरकोळ वाटतात. रायफलीची नळी लाकडी बैठकीत ज्या ठिकाणी टेकते, तेथील दाब प्रत्येक वेळी सारखा राहिला पाहिजे. लाकूड ओलाव्याने फुगले किंवा आकसले तर नेम ढळतो. म्हणून कुशल कारागीर बैठक तासून किंवा पातळ चकत्या बसवून हा दाब नियंत्रित करीत. मागील बाजूस सूक्ष्म फेरबदल करता येणारे छिद्रयुक्त नेमसाधन जोडले जाई. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीची अशी साधने प्रसिद्ध होती.

या रायफलीचा एक दोष स्पर्धेत गुण ठरला, हे विशेष होय. तिच्या बोल्टचे अडकण मागील बाजूस असल्याने गोळी सुटताना यंत्रणा किंचित लवते व नळीचे तोंड वर उचलले जाते. कमी वेगाची गोळी थोडी उशिरा, म्हणजे तोंड अधिक वर असताना बाहेर पडते. परिणामी दूरच्या पल्ल्यावर वेगातील फरक काही अंशी भरून निघतो. 1000 यार्डांच्या नेमबाजीत या रायफलीला मान मिळाला त्याचे हे एक कारण.

1950 च्या दशकात 7.62 मिमी काडतूस नाटो राष्ट्रांत रूढ झाल्यावर ब्रिटनच्या एनफील्ड कारखान्यानेच जुन्या रचनेवर जड नळी बसवून, पुढील लाकूड आखूड करून एल-39 ही स्पर्धेची रायफल तयार केली. म्हणजे रूपांतर हा केवळ हौशी लोकांचा उद्योग नव्हता. निर्मात्यानेही तोच मार्ग पत्करला.

भारतीय संदर्भ

भारतात या रायफलीचे उत्पादन बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात झाले. तिच्या काडतुसांचे उत्पादन पुण्याजवळील खडकी येथेही होत असे. ईशापूरमध्ये झालेले बदल गरजेतून आलेले होते. लाकडाला चीर पडू नये म्हणून बैठकीतून आडवा स्क्रू घातला जाई. हातबाँब फेकण्यासाठी योजिलेल्या रायफलींवर तार गुंडाळली जाई. काही रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून त्यांत .410 चे काडतूस वापरले जाई व एका वेळी एकच गोळी भरता यावी अशी योजना केली जाई. पोलीस व पहारेकरी यांच्या हाती पूर्ण क्षमतेचे शस्त्र न देण्याचे वसाहतवादी धोरणच या लोखंडात नोंदले गेले आहे. लष्करी काडतूस नागरिकांस निषिद्ध असल्यामुळे याच यंत्रणेवर आधारित .315 ची शिकारी रायफल ईशापूरने बनविली. 1960 च्या दशकात याच कारखान्याने 7.62 मिमी काडतुसासाठी 2ए व 2ए1 या रायफली घडविल्या.

जीर्णोद्धाराची मर्यादा

अशी .410 ची बंदूक एखाद्याने नवी नळी बसवून पुन्हा .303 ची केली, तर रायफल मूळ झाल्यासारखी दिसेल. परंतु तिच्यातील वसाहतकालीन नोंद कायमची पुसली जाईल. हेच स्क्रू काढून टाकण्यास, लाकूड घासून त्यावरील ठसे नाहीसे करण्यास आणि वेगवेगळ्या रायफलींचे भाग एकत्र करण्यास लागू पडते. बोल्ट व मूळ सांगाडा यांवरील क्रमांक जुळत नसतील, तर ती विसंगती हीच त्या शस्त्राच्या दुरुस्तीची साक्ष असते. नवे क्रमांक कोरून ती लपविणे म्हणजे दस्तऐवजात फेरफार करणे होय. याउलट जवसाचे तेल देऊन लाकूड राखणे, नळीतील क्षार व गंज काढणे, काढता येण्याजोगे नेमसाधन जोडणे यांत साक्ष अबाधित राहते.

समारोप

जीर्णोद्धार म्हणजे जतन आणि रूपांतर म्हणजे नाश, ही सोपी विभागणी टिकत नाही. एल-39 किंवा 2ए1 यांचे 'मूळ' रूप कोणते, हे ठरविण्यासाठी आधी काळाचा एक क्षण निवडावा लागतो, आणि ती निवड अभ्यासकाची असते, वस्तूची नव्हे. उघडपणे केलेला, नोंदविलेला व परत फिरविता येणारा बदल हा त्या वस्तूच्या इतिहासाचाच पुढील टप्पा ठरतो. तर निष्ठेच्या नावाखाली केलेला छुपा जीर्णोद्धार खोटा पुरावा निर्माण करतो. संग्रहालये व संशोधक यांनी रायफलीचे मूल्य तिच्या चकाकीवरून नव्हे, तर तिच्या अंगावर उरलेल्या खुणांवरून ठरविणे म्हणूनच आवश्यक आहे.